चहावरची साय

१

दुपारची जेवणं आटोपली, उष्टी-खरकटी निघाली, की नीरजा माजघरातल्या टीव्हीवरचा विणलेला रुमाल काढायची. स्टॅबिलायझरचं बटण दाबायची, काटा हिरव्या पट्ट्यात यायची वाट बघायची आणि मग कॉम्प्युटर लावायची. टीव्हीवर आधी मुंग्या यायच्या, मग पडदा साफ व्हायचा आणि कोपऱ्यात एक चौकोनी ठिपका लुकलुकायला लागायचा. इथपर्यंत सगळं बैजवार. मग टेपरेकॉर्डरवर कॅसेट चढवायची, तिची किरकिर कान किटेपर्यंत ऐकायची, आणि पडद्यावर रांगेने चौकोन नाचायला लागले न लागले की मेले जागच्या जागी उभे. मग तुम्ही बटणं दाबा, दामटा, नाहीतर हात जोडा. ढिम्म. बंद करून पुन्हा लावलं की पुन्हा तेच.

शहाऐंशी सालची गोष्ट. कुणकेश्वरच्या आसपास तेव्हा टीव्ही असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी, तिथे कॉम्प्युटर म्हणजे काय ते कुणाच्या गावी नव्हतं. नीरजाचा नवरा जयराम बहारीनला नोकरीला होता, त्याने तो ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला होता. काळा, चपटा, वर बटणंच बटणं. हौसाबाईंना, म्हणजे नीरजाच्या सासूबाईंना, आधी ती पेटीच वाटली होती आणि त्यांनी ती उघडायचाही प्रयत्न केला होता.

पण हा पोरखेळ नव्हता. जयरामने तो पाठवला होता कावेरीसाठी. त्यांची लेक कावेरी तिसऱ्या वर्षात होती आणि अजून एक अक्षर बोलली नव्हती. मिरजेच्या डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला, सगळं ठणठणीत. "तिच्याशी खूप बोला, नवनवीन काही दाखवा," एवढं सांगून त्यांनी पाठवणी केली. नीरजा बोलून बोलून थकली. चिमणी दाखवली, काऊ दाखवला, छातीवर हात ठेवून शंभरदा म्हणून झालं, "आई. मी आई. म्हण बघू." पोरगी नुसती बघायची. 

आणि पहिल्या दिवशी पडद्यावर चौकोन नाचले तेव्हा हीच कावेरी खदखदून हसली होती. तोंडातून आवाज काढून. त्या आवाजासाठी नीरजा तो कॉम्प्युटर दुरुस्त करणार होती, मग त्याचे दात-ओठ सगळे खोलायला लागले तरी बेहत्तर.

२

त्या पहिल्या दिवशी नारळ फोडला होता. गाडी घ्या, विहिरीला पंप बसवा, नवं जातं आणा, आपल्याकडे आधी देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कशाला हात लावत नाहीत. एकाने देवाला साकडं घालायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा. गाऱ्हाणं खरं तर पुरुषमाणसाने घालायचं. पण घरात पुरुष नव्हता. जोडणी करायला आलेला ह्युबर्ट होता, तो ख्रिस्ती. तेव्हा हौसाबाईंनीच पदर खोचला.

नारळ हातात धरून त्या टीव्हीसमोर उभ्या राहिल्या आणि अडल्या. "गो नीरजा, ह्या यंत्राचो देव कोण?"

"मला काय माहीत आई? तुम्ही आपल्या नेहमीच्या देवाचं नाव घ्या."

"असा कसा? जेचा काम तेकाच सांगूक व्हया." थोडा विचार करून त्यांनी आपल्यापुरती वाट काढली आणि खणखणीत आवाज लावला. "देवा म्हाराजा! आज ह्या घरात नवी वस्तू इली हा."

"व्हय म्हाराजा!" नीरजा म्हणाली. ह्युबर्टही हसत हसत म्हणाला.

"हेचो मालक कोण, राखणो कोण, ता आमका ठाऊक नाय. म्हणान जो कोण हय आसात, जो कोण आयकता आसात, तेणा हो नारळ मानून घेवचो."

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमच्या ह्या चेडवाक बोलूक शिकवचा."

"व्हय म्हाराजा!"

शेवटचा होकार पडवीतूनही आला, जरासा मागाहून. शेजारचं कुणी आलं असेल म्हणून नीरजा खोबऱ्याचा तुकडा घेऊन बाहेर गेली. पडवीत कुणी नव्हतं, दोरीवरचे कपडे हलत होते. तिने तो तुकडा कावळ्याला ठेवला आणि विसरून गेली.

३

ह्युबर्टचं तळेऱ्याच्या तिठ्यावर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस गोड, जीव लावणारा, पण आपल्याला येत नाही असं जगात काही आहे हे त्याला मान्य नव्हतं. कॉम्प्युटर जाम होतो म्हटल्यावर तो हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाला.

"वैनी, व्होल्टेज. दुसरा काय नाय. हयचा व्होल्टेज म्हणजे म्हातारेची चाल."

स्टॅबिलायझर बदलला. कॉम्प्युटर जाम.

"मगे खारो वारो. दर्यो जवळ आसा, आतले पाय गंजले आसतले." त्याने तो खोलला, ब्रशने झाडला, स्पिरिटने पुसला. आत गंज औषधालाही नव्हता. बंद केला, लावला. जाम.

मग उकाड्यावर संशय आला, मग मुंग्यांवर, मग कॅसेटवर. प्रत्येक वेळी ह्युबर्ट छातीठोकपणे सांगायचा आणि प्रत्येक वेळी तोंडावर आपटायचा. नीरजाला मात्र मजा यायला लागली होती. लग्नाआधी तिने कोल्हापुरात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं होतं. ते सगळं मसाले कुटण्यात आणि मासे साफ करण्यात वाया गेलं असं तिला वाटायचं. आता डोकं पुन्हा चालायला लागलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं, हे ती ह्युबर्टला बजावत होती.

"हे बघा ह्युबर्टभाव, आधी चहा घ्या. मग कॅसेट बदलू," म्हणत तिने दोन कप आणून ठेवले. कॉम्प्युटर लावला, चौकोन नाचले, थांबले. "जाम झालो," ह्युबर्टने सुस्कारा टाकला आणि कप तोंडाला लावला. लगेच खाली ठेवला.

"वैनी, चाय थंड आसा."

"आत्ता तर उकळता आणला."

पण चहावर साय धरली होती. जाड, सुरकुतलेली. नीरजाने आपला कप बघितला, त्यावरही तेच. कपाच्या कडेवर एक मुंगी शांतपणे फिरत होती. बोलता बोलता वेळ गेला असेल, असं ती म्हणाली. ह्युबर्टने मान डोलावली, पण निघताना तो दाराशी थांबून आत बघत राहिला.

"एक करूया," तो म्हणाला. "माझ्या दुकानात नेऊन बघूया."

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने नीरजा सगळं बिऱ्हाड घेऊन तळेऱ्याला गेली. कावेरीला सासूबाईंकडे ठेवलं. दुकानात कॉम्प्युटर लावला आणि चौकोन नाचत राहिले. विजयदुर्गची गाडी येऊन गेली, देवगडची येऊन गेली, समोरच्या हॉटेलवाल्याने भजी काढली, तरी नाचतच होते. ह्युबर्ट खूश झाला. नीरजा नाही. कॉम्प्युटर धडधाकट होता, म्हणजे खोट घरात होती.

४

घरी आल्यावर तिने पद्धतशीर शोध घेतला. माजघरात जाम होतो, ठीक. देवघराच्या खोलीत लावला, जाम. पडवीत लावला, जाम. एकदा हौसाबाई कावेरीला घेऊन देवळात गेल्या असताना लावला, आणि काय सांगावं, तासभर सुरळीत! त्या दोघी परत आल्या, हौसाबाईंनी चुलीवर तांदूळ वैरले, कावेरी येऊन शेजारी बसली, आणि चौकोन थांबले.

"तूच ना गं चोर?" नीरजाने तिला गुदगुल्या केल्या. "बटणं कोण दाबतं? मी बघत नसताना बटणं कोण दाबतं?"

कावेरीने तिच्याकडे बघितलं आणि मग तिच्या खांद्यावरून मागे. नीरजाला वाटलं, चला, सापडलं. पोरगी डोळा चुकवून बटणावर बोट ठेवत असणार. यंत्राला ते झेपत नसणार. एवढंच होतं म्हणायचं. तिला हसूच आलं.

तेवढ्यात अंगणातून बांगडेवाली विमला तणतणत पायरीशी आली. डोक्यावरची पाटी तिने आदळलीच.

"काय गो वैनी, कान फुटले काय तुमचे? किती हाका मारलंय! माशे वास मारूक लागले उन्हात."

"कधी मारल्यास? मी इथेच तर बसलेय."

"बसलंस तर! खिडकेतसून बघितलंय मी. तू टीव्हीसमोर बसलंस, म्हातारी चुलीकडे उभी. दोघांय ढिम्म हलनत नाय. माका वाटला, भांडान बसलात." विमला खाली वाकून पाटीवरचं फडकं काढू लागली. "चेडू तेवढा बोलत होता. बोलूक लागला वाटता? बरा झाला गो बाई."

आतून करपल्याचा वास आला आणि पाठोपाठ हौसाबाईंची हाक. "अरे देवा! आत्ता तर तांदूळ वैरलंय, आणि भाताचो कोळसो झालो!"

विमलाला काहीतरी भास झाला असेल, असं नीरजाने स्वतःला समजावलं. उन्हात पाटी घेऊन फिरतात या बायका. पण करपलेलं भांडं घासताना तिचा हात थांबला. भाताला कोळसा व्हायला वेळ लागतो. तो वेळ गेला कुठे?

५

घरचा टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरच्या कॅसेटला लागायचा, पण ह्युबर्टकडे सेलवर चालणारा दुसरा होता. तो तिने मागून आणला. कारण तिने साधंच सांगितलं: कॉम्प्युटर जाम होताना आतून काही आवाज येतो का, ते टिपायचं आहे. खरं कारण स्वतःलाही सांगायचा तिला धीर झाला नाही.

दुपारी तिने कोरी कॅसेट घालून लाल बटण दाबलं आणि टेपरेकॉर्डर कपाटावर ठेवला. हौसाबाई स्वयंपाकघरात ताक घुसळत होत्या. कावेरी जमिनीवर बसली होती. नीरजा मोठ्याने बोलत राहिली. स्टॅबिलायझर लावला. कॅसेट चढवली. चौकोन आले. नाचायला लागले. आता बघा, परत अडकला.

झालं. तिने उठून टेपरेकॉर्डर काढला. कॅसेट जवळजवळ संपत आली होती.

ती परसात माडाखाली जाऊन बसली आणि आवाज बारीक करून ऐकायला लागली. आधी तिचाच आवाज, जरा चिरका. मागे रवीची घुसळण. "चौकोन आले. नाचायला लागले. आता बघा, परत अड"

आणि पुढे काहीच नाही.

घुसळणही थांबली. एकदमच. मागे समुद्र ऐकू येत होता, स्टॅबिलायझरची गुणगुण होती, कुठेतरी कावळा ओरडला. म्हणजे टेप चालू होती. थांबलो होतो ते आपण, हे नीरजाच्या लक्षात आलं.

मग पडवीकडून पाट सरकवल्याचा आवाज आला. घाई नव्हती त्या आवाजात. कुणीतरी रोजच्यासारखं बसायला घेत होतं. कावेरी हसली. तिच्या पायातले वाळे रुणझुणत त्या दिशेने गेले. थोड्या वेळाने कॉम्प्युटरची बटणं वाजली, टक, टक, थांबून पुन्हा टक. नवीन वस्तू हाताळून बघावी तशी.

आणि मग एक लहान आवाज बोलला.

"मासो."

कुणीतरी हळू काहीतरी म्हणालं. शब्द लागत नव्हते. बाईमाणूस होतं एवढं कळत होतं.

"वारो," लहान आवाज म्हणाला. "कावळो. दर्यो." प्रत्येक शब्दाआधी ते हळू बोलणं आणि शब्द बरोबर आला की दोघींचं हसणं.

नीरजाने टेपरेकॉर्डर छातीशी धरला आणि ती रडायला लागली. काय खोटं सांगायचं, आनंदानेच रडली. माझी पोर बोलते! इतका गोड आवाज आहे तिचा! भीती नंतर आली. आधी ते रडू आलं, आणि ती पुढचं ऐकत राहिली.

"आये," कावेरी म्हणाली. "आये, माका घे."

त्या घरात 'आये' असं कुणी म्हणत नसे. हौसाबाईंनाही सगळे आईच म्हणायचे. आणि नीरजाने तर कधीच तो शब्द शिकवला नव्हता. वाळे वाजले, जमिनीवरून उचलल्यासारखे. मग बराच वेळ नुसतं थोपटणं.

"कला," नीरजाच्या आवाजाने अर्धवट राहिलेला शब्द पुरा केला, आणि मागे घुसळण सुरू झाली.

६

शहाण्या बाईने तेव्हाच कॉम्प्युटर विहिरीत टाकला असता. पण नीरजाला दोन गोष्टी छळत होत्या. एक, हे होतं कसं. आणि दुसरी, जी पहिलीपेक्षा मोठी होती: माझी लेक बोलते आणि मला ते समोरासमोर ऐकायला मिळत नाही. कुणाला मिळतं मग? मत्सराने तिचा जीव नुसता जळत होता.

हौसाबाईंना तिने काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या बाजूच्या घरात पापड लाटायला गेल्या, तशी तिने पडवीचं दार लावून कडी घातली. कॉम्प्युटर लावून कावेरीला मांडीवर घेतलं. पदराचं टोक तिच्या फ्रॉकच्या पट्ट्याला घट्ट गाठ मारून बांधलं. दोन्ही हातांची मिठी घातली आणि कोपराने टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

पोरीचे केस विस्कटलेले होते, त्यांना उन्हाचा वास येत होता. नीरजाने त्या केसांवर हनुवटी टेकली. जागं राहायचं, तिने मनाशी म्हटलं. काही झालं तरी या वेळी जागं राहायचं. चौकोन आले. नाचायला लागले.

चौकोन थांबले होते.

हनुवटीखाली काहीतरी मऊ आणि गार होतं. नीरजाने खाली बघितलं. तिच्या मिठीत उशी होती. नीट, मधोमध, निजलेल्या पोरासारखी ठेवलेली. पदराची गाठ तशीच्या तशी होती, फक्त ती आता उशीच्या अभ्र्याला होती.

कावेरी तिच्या बाजूला जमिनीवर बसली होती, पाठ दाराकडे. तिचे केस तेल लावून चापूनचोपून विंचरले होते, वेणी घातली होती, वेणीत अबोलीच्या फुलांचा वळेसर माळला होता. नीरजाच्या अंगणात अबोली नव्हती.

ओरडायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी वीज गेली. पडदा काळा झाला. त्या काळ्या फुगीर काचेत सगळं माजघर उमटलं: ती स्वतः, मांडीवर उशी घेतलेली, बाजूला कावेरी, आणि कावेरीच्या मागे, वेणीच्या शेवटच्या पेडाशी, दोन हात. सावकाश, मन लावून गाठ मारत होते. मनगटांशीच काचेची कड येत होती, म्हणून पुढचं दिसलं नाही.

ती वळली. वेणीचं टोक हलत होतं. पडवीच्या दाराला आतून कडी तशीच होती.

७

संध्याकाळी ह्युबर्टला निरोप गेला. तो आला, नीरजाचा चेहरा बघून त्याने एरवीसारखी बडबड केली नाही. कॉम्प्युटर, वायरी, चौकोनांची कॅसेट, सगळं खोक्यात घालून त्याने सुतळी बांधली.

"वैनी, दुकानात ठेवतंय. जयराम इलो काय बघूया."

"नको. विका, फुकट द्या, काय वाट्टेल ते करा. इथे परत आणू नका."

खोकं खांद्यावर घेऊन तो पायवाटेने उतरला. कावेरी पडवीच्या खांबाला धरून त्याच्याकडे बघत होती. खोकं वळणाआड गेलं तेव्हा ती दाराशी गेली, आत डोकावली, मग देवघरात, मग परसात जाऊन आली. वाळ्यांचा आवाज घरभर फिरला.

नीरजा पायरीवर बसली होती. मनाने तिने कधीच ठरवून टाकलं होतं. न बोलेना का! मुकी राहिली तरी राहू दे. माझी आहे, माझ्याजवळ आहे. हे ती स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि त्यात तिला खरोखरच बरं वाटायला लागलं होतं.

कावेरी येऊन तिच्यासमोर उभी राहिली. एक हात तिच्या गालावर ठेवला. आणि बोलली. स्पष्ट, घंटेसारख्या आवाजात. समोरासमोर.

नीरजा जागीच गोठली.

हौसाबाई ओल्या हातांनी धावत बाहेर आल्या. त्यांनी फक्त आवाज ऐकला होता, शब्द नव्हते. "बोलली! गो नीरजा, बाय माजी बोलली!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "पावलो गो देव! परत बोल बाये. आयशीक सांग, काय व्हया तुका? परत बोल!"

कावेरीने आजीकडे बघितलं, मग नीरजाकडे. तिला ऐकू गेलं नसेल असं समजून पोर बिचारी जरा जवळ सरकली आणि समजुतीच्या सुरात, एकेक शब्द सोडवून म्हणाली,

"मावशे, माजी आये खंय गेली?"